मेहरूणच्या काठचं जळगाव: कापूस, गिरणी, रथ आणि एक तलाव

श्रावण-भाद्रपदात दोन दिवस झड लागली की जळगावात एक प्रश्न हमखास कानावर येतो. भाजीबाजारात, रिक्षात, सलूनच्या बाकावर कुणीतरी विचारतंच, "मेहरूण भरून राह्यला का?" शहराच्या नळांना आज वाघूर धरणाचं पाणी येतं. मेहरूण तलाव भरला काय आणि नाही काय, कुणाच्या घरातला माठ त्यावर अवलंबून नाही. तरी विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते. ती कुठून आली हे समजून घ्यायचं तर जळगाव वसलं कसं, तिथपर्यंत मागे जावं लागतं.

आधी जमीन पाहू. उत्तरेला तापी आणि तिच्या पलीकडे सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला गिरणा, पूर्वेला वाघूर. मधला पट्टा काळ्या कसदार मातीचा, कापसाचा. मेहरूण तलाव शहराच्या दक्षिणेला, शिरसोली रस्त्याच्या बाजूला आहे. त्याच्या वरच्या अंगाला अंबरझरा नावाचा दुसरा तलाव, आणि तिथून पाणी खाली मेहरूणमध्ये यावं म्हणून चारी. म्हणजे मेहरूण स्वतःवर पडलेल्या पावसानेच भरतो असं नाही. वरची चारी मोकळी असली तर तो लवकर भरतो, ती गाळाने किंवा काटेरी झुडपांनी तुंबली तर चांगल्या पावसातही अर्धाच राहतो. जुनी माणसं तलावाआधी चारीची चौकशी करतात ती यामुळे.

मेहरूण हे मुळात वेगळं गाव. आता जळगावच्या पोटात गेलं असलं तरी त्याचं नाव दोन गोष्टींनी राखलं आहे, एक तलाव आणि दुसरी बोरं. मेहरूणचं बोर लांबट, पातळ सालीचं, पिकत आलं की तांबूस पडतं आणि दाताखाली आंबट-गोड रस सोडतं. संक्रांतीच्या आसपास टोपल्या घेऊन बसलेल्या बायांकडे गेलं की त्या आधी एक बोर हातावर ठेवतात, "खाऊन पाहा, मग घ्या." या गावाच्या नावाची बोराची जात राज्यात इतरत्रही लावली जाते, आणि तिथेही तिला मेहरूणच म्हणतात.

इंग्रजांच्या आधीच्या खानदेशच्या इतिहासात जळगावला फारशी जागा नाही. फारुकी सुलतानांचं आधी थाळनेर, मग बुऱ्हाणपूर. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि प्रांत मोगलांकडे गेला, तेव्हाही बोलबाला बुऱ्हाणपूरचाच. या बाजूची जुनी नावाजलेली गावं म्हणजे एरंडोल आणि नशिराबाद. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा पहिला कलेक्टर जॉन ब्रिग्ज याने ठाणं केलं ते धुळ्याला. जळगाव तेव्हा नशिराबाद तालुक्यातलं एक गाव होतं. इथे किल्ला नाही, राजवाडा नाही. जुन्या जळगावातली भोईटे गढी सोडली तर सत्तेची खूण म्हणून दाखवावं असं काही नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे शहर कुणा राजाने वसवलेलं नाही. ते बाजाराने वसवलं, आणि बाजाराच्या मागे आलेल्या कष्टकऱ्यांनी उभं केलं.

बाजार कसा आला त्याची गोष्ट सातासमुद्रापार सुरू होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली. नेमक्या त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ खानदेशातून पुढे सरकत होते. जळगावला स्टेशन झालं आणि खानदेशचा कापूस इथे ओतला जाऊ लागला. बैलगाड्यांनी यायचं, आडतीवर माल उतरायचा, सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या आणि आगगाडीने मुंबईला धाडायच्या, असा रिवाज पडला. १८६४ मध्ये नगरपालिकाही झाली. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, भाव कोसळले आणि चढ्या भावात गुंतलेले व्यापारी बुडाले. इंग्रजी गॅझेटियरमध्ये जळगावला बसलेल्या या फटक्याची नोंद आहे. पण रूळ उखडून कुणी नेले नव्हते. बाजार सावरला.

१८७०च्या दशकात मुंबईचे कापडव्यापारी मूळजी जेठा यांची सूत आणि कापडाची गिरणी स्टेशनजवळ उभी राहिली. लोक तिला खानदेश मिल म्हणत. गिरणी म्हटली की बॉयलर, आणि बॉयलर म्हटला की पाणी. कापसाच्या गाठी बांधणारे प्रेसही वाफेवर चालायचे. भरीला रोज वाढणारी वस्ती. गिरणा काही मैल लांब, विहिरी उन्हाळ्यात तळ गाठणार. मग मेहरूण तलावाचं पाणी नळाने शहरात आणलं गेलं. कापसाने जळगावला पैसा दिला आणि रेल्वेने वाट दिली, पण माणसं इथे टिकली ती या तलावामुळे. 'मेहरूण भरला का' हा प्रश्न त्या दिवसांचा आहे. तेव्हा त्याचा अर्थ 'वैशाखात प्यायला पाणी असेल का' असा होता.

माझे आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. घरात घड्याळ होतं, पण वेळ भोंग्याची चाले. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्याला आजोबा पायात वहाणा सरकवायचे. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधलेला. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर पांढरा कापूस बसलेला असे, आणि आजी तो पदराने टिपायची. ही गोष्ट मी आईकडून इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता माझीच आठवण झाली आहे.

या गिरणीने आणि बाजाराने माणसं गोळा केली. आसोदा-भादलीकडचे लेवा पाटीदार शेतकरी, गुजर, मराठा, माळी, कोळी, तेली, मारवाडातून आलेले जैन-माहेश्वरी व्यापारी, गुजराती पेढीवाले, मुसलमान कारागीर, भिल्ल, आणि महार-मांग वस्त्यांतून आलेले गिरणी कामगार. पेठांची नावंच पाहा: नवी पेठ, बळीराम पेठ, पोलन पेठ. पेठ म्हणजे बाजार, आणि या गावाच्या मोहल्ल्यांना बाजाराचीच नावं पडली. बोलीही एक नाही. लेवा गणबोली एका गल्लीत, अहिराणी दुसरीत, सराफ बाजारात मारवाडी, तांबापुऱ्यात उर्दू-हिंदी, आणि सगळ्यांची मिळून बाजारात एक जळगावी मराठी. वांग्याचं भरीत मात्र सगळ्यांचं. हिरवी, मोठी भरताची वांगी काड्यांच्या आगीवर भाजायची, बडजी नावाच्या लाकडी भांड्यात दांड्याने ठेचायची, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. शेतात भरीत पार्टी झाल्याशिवाय आमचा हिवाळा सरत नाही.

एवढ्या जातीपातींची माणसं एका दोरखंडाला कशी धरतात हे पाहायचं तर कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावात यावं. श्रीराम मंदिराचा रथोत्सव संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. म्हणजे आगगाडी, कापूस आणि रथ ही सगळी एकाच पिढीची कमाई. आधीचे दिवस वाहनोत्सव, रोज वेगळं वाहन. एकादशीला दुपारी लाकडी रथ निघतो, केळीच्या खांबांनी आणि झेंडूच्या माळांनी मढलेला. ओढणारे शेकडो, पण खरं कसब मोगरीवाल्यांचं. रथाला ब्रेक नाही, सुकाणू नाही. थांबवायचा किंवा वळवायचा तर धावत्या चाकाखाली योग्य क्षणी लाकडी मोगरी सारायची. डाव्या चाकाला लावली की रथ डावीकडे वळतो, उजव्याला लावली की उजवीकडे. अरुंद गल्लीत ओटे आणि चाक यांच्यात हातभर अंतर, वर गच्चीवरून फुलं पडतायत, आणि मोगरीवाला वाकून फक्त चाकाकडे बघतोय. एक क्षण चुकला तर पाय जाईल. या घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, आणि मोगरी वडिलांनी मुलाच्या हातात दिली की तो त्याचा मान असतो.

रथ फिरत फिरत भिलपुऱ्यात येतो आणि लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांची मैत्री होती असं गाव सांगतं. तिथे चादर चढते, मुसलमान बांधव रथाचं स्वागत करतात आणि मग रथ पुढे सरकतो. देशात आणि गावात काय काय घडून गेलं तरी हा थांबा चुकलेला मला माहीत नाही. जळगावची ओळख म्हणून बाहेरच्याला एकच गोष्ट दाखवायची झाली तर मी सोन्याचा बाजार दाखवणार नाही, हा थांबा दाखवीन.

१९०० मध्ये सुरतेकडून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे जळगावला मिळाली आणि गाव जंक्शन झालं. १९०१ च्या जनगणनेत वस्ती १६ हजारांच्या वर होती. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशचं ठाणं धुळे आणि पूर्व खानदेशचं जळगाव. कचेऱ्या आल्या, वकील आले, शाळा आल्या. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, इथे महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. त्यात धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी म्हटलं, आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव त्या पदवीमागे झाकून गेलं. ५ मे १९१८ रोजी जळगावशेजारच्या भादली स्टेशनात रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून ते गेले. वय अवघं सत्तावीस.

बालकवींचा सत्कार झाला तेव्हा त्याच गावात, चौधरी वाड्यात, एक बाई जात्यावर ओव्या रचत होती आणि ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, माहेर आसोद्याच्या महाजनांचं. तेराव्या वर्षी त्या नथूजी चौधरींच्या घरी नांदायला आल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, प्लेगच्या साथीत एका मुलाला अपंगत्व आलं. अक्षरओळख नव्हती. शेतात, चुलीपाशी, जात्याशी त्या लेवा गणबोलीत गात राहिल्या आणि मुलगा सोपानदेव व नात्यातले पितांबर चौधरी ते उतरवून घेत राहिले. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने त्यांची गाणी छापून आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. ज्या बोलीला शहरात हसत असत, त्या बोलीतल्या बाईचं नाव आज इथल्या विद्यापीठाला आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं, नामविस्तार २०१८ चा.

पुढचं जरा भरभर सांगतो. १९३६ मध्ये माधव जूलियन यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन इथे झालं, त्याच वर्षाअखेर जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. १९४० च्या दशकात मू. जे., म्हणजे मूळजी जेठा, कॉलेज निघालं. याच कॉलेजातून शिकलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावच्या आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. पूर्व खानदेशचं नाव महाराष्ट्र झाल्यावर जळगाव जिल्हा झालं. वाकोदच्या शेतकरी घरातले भवरलाल जैन यांनी रॉकेलच्या धंद्यापासून सुरुवात करून पाइप आणि ठिबकपर्यंत मजल मारली. केळीच्या बागांना थेंबाथेंबाने पाणी देणारी नळी जळगावातून देशभर गेली, हे पाण्याच्या ओढीने वाढलेल्या गावाला शोभणारंच आहे. डाळ मिल, प्लास्टिकच्या चटया, सोनं, केळी यांनी कापसाची जागा हळूहळू घेतली.

खानदेश मिल १९८०च्या दशकात बंद पडली. कामगारांची देणी, कोर्टाच्या तारखा, मोकळं पडलेलं आवार, हे सगळं आम्ही शाळेत जाता-येता पाहिलं. आता त्या जागेवर मॉल आहे. भोंगा थांबला त्याच्या बऱ्याच आधी नळाचं पाणीही बदललं होतं. आधी गिरणेवरच्या दापोऱ्याच्या बंधाऱ्याकडून पाणी आलं, त्याची खूण म्हणून गिरणा टाकी हे नाव अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. मग वाघूर आलं. २००३ मध्ये महानगरपालिका झाली, सतरा मजली इमारतीत तिचा कारभार बसला, २०११ मध्ये वस्ती साडेचार लाखांच्या पुढे गेली. प्यायला पाणी दुसरीकडून येऊ लागलं तसं मेहरूणकडे लक्ष कमी झालं. काठ आक्रसला, गाळ साचला, विसर्जनानंतर मूर्तींचे सांगाडे उघडे पडू लागले. मग काही लोकांनी, संस्थांनी, प्रशासनाने गाळ काढला. शेतकऱ्यांनी तो ट्रॉल्या भरून शेतात नेला. काठाने फिरायला रस्ता झाला.

आता पहाटे तिथे गर्दी असते. मागच्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा एक सत्तरीचे बाबा छत्रीची काठी करून चारीच्या तोंडाशी उभे होते. वरून गढूळ पाणी येत होतं, पण अडत अडत. त्यांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं, आत उतरून बाभळीची एक फांदी आणि प्लास्टिकचा गोळा बाहेर ओढला. पाण्याने लगेच आवाज बदलला. बाबा काठावर आले, पाय झटकले आणि मला म्हणाले, "अंबरझऱ्याचं येऊन राह्यलं. आठ दिवसांत भरीन बघ."