वजनातला बदल आणि स्लीप ॲप्नियाचा इलाज

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं. जास्त करून दिसतो तो अडथळ्याचा प्रकार, म्हणजे झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेचा रस्ता बंद होतो, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मग मेंदू दचकून उठवतो आणि माणूस मोठ्ठा श्वास ओढून परत घोरायला लागतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, आठवतं ते बायकोला. किती त्रास आहे ते एएचआय या आकड्यावर ठरतं, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. हा आकडा आयुष्यभर एकच राहत नाही आणि तो हलवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वजन. त्यामुळे एकदा ठरलेला इलाज कायमचा धरून चालता येत नाही.

वजनाचा घशाशी काय संबंध, असं बऱ्याच लोकांना वाटतं. चरबी फक्त पोटावर बसत नाही, ती मानेत, घशाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत आणि चक्क जिभेतही साठते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी वजन उतरवण्याआधी आणि नंतर एमआरआय काढून पाहिलं, २०२० साली ते छापून आलं, तर ॲप्निया कमी होण्यात जिभेतली चरबी घटण्याचा वाटा सगळ्यात मोठा निघाला. पोटाचं काम वेगळं. आडवं झाल्यावर सुटलेलं पोट छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला वर ढकलतं, फुप्फुसात हवा कमी मावते आणि श्वासनलिकेला खालून जो ताण मिळून घसा उघडा राहतो तो ताणच ढिला पडतो. म्हणून मानेचा घेर आणि कमरेचा घेर हे दोन्ही नुसत्या वजनकाट्यापेक्षा जास्त सांगून जातात. पुरुषात मान ४० सेंटीमीटरच्या वर गेली की डॉक्टर कान टवकारतात. आपल्याकडे अजून एक भानगड आहे, भारतीय माणूस दिसायला फार जाड नसला तरी त्याला हा आजार होतो, म्हणून तर आपल्यासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. "मी कुठं जाडा आहे बे" हे उत्तर इथं चालत नाही.

आकड्यात सांगायचं तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात ६९० माणसं ४ वर्षं पाहिली, २००० साली निकाल आला. वजन १० टक्के वाढलं तर एएचआय अंदाजे ३२ टक्के वाढतो आणि १० टक्के उतरलं तर अंदाजे २६ टक्केच कमी होतो. ८० किलोच्या माणसाला १० टक्के म्हणजे ८ किलो, लग्नाच्या सीझनमध्ये सावजी आणि रोज सकाळी तर्री पोहे असं दोन-तीन वर्षं चाललं की हे ८ किलो कधी चढले तेही कळत नाही.

मुख्य इलाज सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा मार्ग दाखवला. मशीन मास्कमधून दाबाची हवा देतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात, साधारण ४ ते २० च्या मधे. फिक्स प्रेशरचं मशीन असेल तर तो आकडा ज्या रात्री टायट्रेशन झालं, म्हणजे किती दाब पुरतो ते झोपेत बघून ठरवलं, त्या रात्रीच्या शरीराचा असतो. शरीर बदललं तरी मशीन तेच देत बसतं.

वजन वाढल्यावर आधीचं प्रेशर कमी पडायला लागतं. घरचे म्हणतात मास्क लावूनही घोरून राहिला, सकाळी डोकं जड, दुपारी ऑफिसात डुलकी, बीपी आटोक्यात येत नाही, आणि मशीनच्या ॲपवर उरलेला एएचआय ५ च्या वर चढलेला दिसतो. ऑटो मशीन असेल तर ते स्वतःच दाब वाढवतं, पण इथं एक गोष्ट लोक बघत नाहीत. ऑटोला खालची आणि वरची हद्द घालून दिलेली असते, समजा ७ ते ११. आता रिपोर्टमध्ये ९५ टक्के प्रेशर म्हणून जो आकडा येतो, म्हणजे रात्रीतला ९५ टक्के वेळ मशीन ज्याच्या वर गेलं नाही तो दाब, तो रोजच ११ ला किंवा त्याच्या अगदी जवळ अडकलेला असेल तर मशीनला अजून वर जायचं आहे आणि जाता येत नाहीये. फक्त मास्क गळत असेल तरी आकडे बिघडतात, म्हणून लीकचा रकाना आधी बघायचा. वजन अचानक वाढलं असेल तर थायरॉइडही तपासतात, कारण थायरॉइड कमी असलं की वजन आणि ॲप्निया दोन्ही वाढू शकतात.

वजन उतरल्यावर उलटं होतं. प्रेशर गरजेपेक्षा जास्त झालं की हवा पोटात जाते, सकाळी पोट फुगलेलं आणि ढेकर, तोंडातून हवा सुटते, झोप मोडते, काहींना तर जास्त दाबामुळेच मेंदूकडून येणारे श्वासाचे थांबे सुरू होतात. गाल उतरले की जुना मास्क बसत नाही, नाकाच्या बाजूने डोळ्यात वारं लागतं आणि माणूस पट्टे आवळत बसतो, गालावर वळ उठतात, लीक मात्र तसाच. तिथं पट्टा नाही, मास्कचा साइज बदलायचा असतो.

वजन उतरलं म्हणजे आजार गेला, हा समज मात्र महागात पडतो. टाइप २ डायबिटीसच्या लठ्ठ लोकांवरच्या स्लीप अहेड अभ्यासात वर्षभरात सरासरी १०.८ किलो उतरवूनही ॲप्निया पूर्ण गेला तो १३.६ टक्के लोकांचाच. जबडा मागे असणं, टॉन्सिल मोठे असणं, वय, हे काही वजनाबरोबर उतरत नाही. चांगली बातमी अशी की त्याच अभ्यासात ४ वर्षांनी जवळपास अर्धं वजन परत आलं तरी ॲप्नियातला फायदा बऱ्यापैकी टिकून होता. बॅरिॲट्रिक सर्जरीनंतरही, म्हणजे वजन उतरवायच्या ऑपरेशननंतरही, हेच, घोरणं थांबतं पण थांबे उरलेले असू शकतात, म्हणून वजन स्थिर झाल्यावर परत तपासणी करतात आणि तोवर मशीन चालू. आपल्या मनाने मशीन कपाटात टाकून समृद्धी महामार्गावर रात्रीची गाडी घेणारे लोक आहेत, ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आणि अर्धवट झोप, यापेक्षा वाईट जोडी नाही.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांनी हा प्रश्न अजून मोठा केलाय. त्यातल्या टिर्झेपटाइड या औषधाच्या २०२४ च्या चाचण्यांत एएचआय तासाला सुमारे २५ ते २९ ने घटला, पण सुरुवातच ५० च्या आसपास होती, म्हणजे बऱ्याच जणांकडे मध्यम ॲप्निया उरलाच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते गंभीर ॲप्नियासाठी त्याला मंजुरी मिळाली आणि भारतात हे औषध मार्च २०२५ मध्ये आलं. डोस वाढत जातो तसं वजन महिन्या-महिन्याला बदलतं, त्यामुळे अशा वेळी फिक्सपेक्षा ऑटो मशीन सोयीचं.

परत तपासणी कधी, तर अमेरिकन स्लीप मेडिसिन अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार वजन बरंच वाढलं किंवा उतरलं असेल तर फेरतपासणीचा विचार करावा. रोजच्या व्यवहारात १० टक्क्यांचा अंदाज धरतात. दातांत बसवायचं जबडा पुढे आणणारं उपकरण वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे, वजन वाढलं की ते पुरत नाही. वजन उतरलेल्या काही लोकांचा ॲप्निया फक्त उताणं झोपल्यावरच उरतो, मग कुशीवर झोपायची सवय कामाला येते, पण ते कळायला झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये झोपायची पोझिशन नोंदलेली हवी. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत छातीचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर ढिगाने आहेत, सरकारी मेडिकल कॉलेज आणि मिहानचं एम्सही आहे. जाताना जुना रिपोर्ट, मशीनचं मेमरी कार्ड, नेहमीचा मास्क आणि टायट्रेशनच्या वेळचं वजन एवढं सोबत न्यावं, हे शेवटचं बहुतेकांकडे लिहिलेलंच नसतं.