होमपेज-समीक्षा

विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या सर्व्हरवर किंवा फुकट जागा देणाऱ्या संकेतस्थळावर स्वतःविषयी मांडलेले पान दुसऱ्या विद्यार्थ्याने पाहायचे आणि त्यावरचे आपले मत सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहायचे, अशी ही प्रथा होती. ती मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांच्या परिसरात रुजली आणि स्थूलमानाने १९९४ ते १९९९ या वर्षांत भरात होती. तिची पहिली चिन्हे १९९३च्या उत्तरार्धात शोधता येतात. त्याआधी तिचा विचार करण्यात अर्थ नाही, कारण तोवर समीक्षा करण्याइतकी पानेच नव्हती. ‘होमपेज’ला मराठीत ‘मुखपृष्ठ’ हा प्रतिशब्द रूढ असला, तरी त्यातून पुस्तकाचे वेष्टन सूचित होते, घर नव्हे. आपले घर थाटल्याची भावना हा या पानांचा गाभा होता, म्हणून या नोंदीत मूळ शब्दच ठेवला आहे.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने वेबचे तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या महासंगणक-केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी तयार केलेला मोझॅक हा ब्राउझर बाहेर पडला. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र त्याच केंद्रात रॉब मॅकूल याने लिहिलेला सर्व्हर, म्हणजे मागणी येताच पाने पाठवणारा प्रोग्राम, अधिक निर्णायक ठरला असे दिसते. विद्यापीठाच्या युनिक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रावर ज्याचे खाते असे, त्याने आपल्या निर्देशिकेत (फोल्डरमध्ये) ‘पब्लिक एचटीएमएल’ या नावाची उपनिर्देशिका करून तीत फाइल ठेवली आणि इतरांना ती वाचण्याची परवानगी दिली, की ती जगभर दिसू लागे. त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नसे. असे पान पत्त्यातील नागमोडी टिल्ड चिन्ह (~) आणि त्याला जोडलेले खात्याचे नाव यांवरून ओळखता येई.

हे चिन्ह घराचे निदर्शक कसे झाले, याचा खुलासा सहसा एका टर्मिनलच्या, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकाच्या संचाच्या, कळफलकावरून केला जातो. लिअर सीगलर कंपनीच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर टिल्ड आणि ‘होम’ ही दोन्ही अक्षरचिन्हे एकाच कळीवर छापलेली होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात बिल जॉय याने युनिक्सला आज्ञा देण्यासाठीचा सी-शेल हा प्रोग्राम आणि मजकूर संपादित करणारा व्हीआय हा प्रोग्राम लिहिला तो याच टर्मिनलवर, आणि सी-शेलमध्ये टिल्डचा अर्थ वापरकर्त्याची स्वतःची निर्देशिका असा झाला. कळीवरील शेजार आणि चिन्हाचा अर्थ यांचा संबंध बहुतेकांना पटतो. वेबच्या सर्व्हरने हा संकेत युनिक्सकडून जसाच्या तसा उचलला. समीक्षेच्या दृष्टीने त्याचा परिणाम मोठा होता. पत्ता पाहताच हे पान संस्थेचे नसून एका व्यक्तीचे आहे हे वाचकाला कळत असे, त्यामुळे पानाविषयी लिहिलेले काहीही त्या व्यक्तीविषयी लिहिल्यासारखे वाचले जाई.

उगमाचा प्रश्न : या प्रथेचे मूळ तीन ठिकाणी शोधता येते. पहिले ठिकाण म्हणजे फिंगर ही आज्ञा. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट याने १९७०च्या दशकाच्या आरंभी लिहिलेल्या या आज्ञेने सहकाऱ्याची माहिती आणि त्याने स्वतःविषयी लिहून ठेवलेली ‘प्लॅन’ ही फाइल दिसत असे. ‘प्लॅन’ फाइल हा होमपेजचा पूर्वज मानायला हरकत नाही, पण तिच्यावर जाहीर अभिप्राय देण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती, म्हणून समीक्षेचे मूळ तेथे आहे असे म्हणता येत नाही.

दुसरे मूळ बरेच जुने आहे. अमेरिकेत १८७६ साली नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन स्थापन झाली. हौसेने छोटी नियतकालिके छापणारे सभासद ती एकमेकांना टपालाने पाठवत आणि एकमेकांच्या अंकांवर टीकाटिप्पणी करत. पुढे निघालेल्या युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशनमध्ये तर जाहीर समीक्षेचा स्वतंत्र विभाग होता आणि भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट १९१४ मध्ये त्याचा प्रमुख झाला. सभासदांच्या लेखनातील वृत्तदोष, व्याकरण आणि विचार यांचे तपशीलवार परीक्षण तो अनेक पाने भरून करत असे. हीच परंपरा १९३७ मध्ये विज्ञानकथाप्रेमींच्या टपाली संघटनेत आली. १९८२ मध्ये माइक गंडरलॉय याने सुरू केलेल्या फॅक्टशीट फाइव्ह या नियतकालिकात ‘झीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरगुती अंकांची शेकडो छोटी परीक्षणे येऊ लागली. येथे लिहिणारा आणि परीक्षण करणारा एकाच पातळीवरचा असतो, संपादकाची चाळणी नसते आणि परीक्षणाबरोबर पत्ताही दिला जातो, म्हणजे वाचक थेट मूळ अंकाकडे जाऊ शकतो. होमपेज-समीक्षेत हे तिन्ही गुण सापडतात. तरीही साम्य दिसले म्हणून वारसा सिद्ध होत नाही.

तिसरे मूळ वेबच्या आतले आहे. मोझॅकमध्ये आवडलेल्या पानांची यादी साठवण्याची ‘हॉटलिस्ट’ ही सोय होती. विद्यार्थी ती यादी फाइलमध्ये काढून आपल्या पानावर लावत आणि प्रत्येक दुव्यापुढे ओळ-दोन ओळींचा शेरा लिहीत. एनसीएसएने जून १९९३ पासून ‘व्हॉट्स न्यू’ या नावाने नव्या पानांची यादी प्रसिद्ध केली, तिच्यातही प्रत्येक पानाचे एका परिच्छेदात वर्णन असे. जानेवारी १९९४ मध्ये स्टॅनफर्डमधील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली सूची, म्हणजे पुढील याहू, हीदेखील आरंभी अशीच एक वैयक्तिक यादी होती. त्याच महिन्यात स्वार्थमोर कॉलेजातील जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने आपले पान सुरू केले. त्यात स्वतःचे आयुष्य आणि इतरांच्या पानांविषयीची मते एकत्र नांदत होती. उपलब्ध पुराव्यांत हे तिसरे मत अधिक सरळ वाटते. शेऱ्यासह दुवा हे समीक्षेचे बीज होते, आणि हौशी नियतकालिकांकडून आली असलीच तर ती मनोवृत्ती आली, रूप नव्हे.

पारितोषिके आणि बिल्ले : समीक्षेला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली ती निवड करणाऱ्या संकेतस्थळांमुळे. बफेलो येथील ब्रँडन प्लू याने वापरकर्त्यांची मते मागवून ‘बेस्ट ऑफ द वेब’ पारितोषिके दिली आणि ती मे १९९४ मध्ये जिनिव्हात भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वेब परिषदेत जाहीर झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लेन डेव्हिस याने रोज एकच पान निवडणारे ‘कूल साइट ऑफ द डे’ सुरू केले. १९९५ मध्ये पॉइंट कम्युनिकेशन्सचा ‘टॉप ५ टक्के’ हा बिल्ला आणि मॅगेलन या संकेतस्थळांच्या सूचीने दर्जा दाखवण्यासाठी दिलेले तारे आले. उलट दिशेने, वाईट पानांची टर उडवणारे ‘मिर्स्कीज वर्स्ट ऑफ द वेब’ही त्याच वर्षी निघाले. बिल्ला ही एक छोटी चित्रफाइल असे आणि मिळालेला बिल्ला पानाच्या तळाशी लावायचा असा रिवाज होता. विद्यार्थ्यांनी हे रूप लगेच उचलले. स्वतः काढलेला बिल्ला मित्राला द्यायचा आणि त्यावर आपल्या पानाचा दुवा ठेवायचा, म्हणजे कौतुकाबरोबर येणेजाणेही वाढे. पाहुण्याला आपला अभिप्राय लिहिता यावा म्हणून ‘गेस्टबुक’ लावण्याची पद्धतही याच काळातली आहे. त्यासाठी मॅट राइट या शाळकरी मुलाने १९९५ मध्ये फुकट उपलब्ध करून दिलेला प्रोग्राम फार वापरला गेला.

ज्यांना विद्यापीठाचे खाते नव्हते त्यांना जिओसिटीजने जागा दिली. डेव्हिड बॉनेट आणि जॉन रेझ्नर यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या या संकेतस्थळावर पाने विषयवार ‘वस्त्यां’त मांडलेली होती आणि प्रत्येक पानाला घरक्रमांकासारखा आकडा असे. तत्त्वज्ञान व शिक्षण यांसाठी अथेन्स, तंत्रज्ञानासाठी सिलिकॉन व्हॅली आणि विद्यार्थिजीवनासाठी कॉलेजपार्क अशी ही रचना होती. पुढे कॉलेजपार्कला क्वाड, लायब्ररी यांसारखी उपनगरेही जोडली गेली. वस्तीची देखरेख ‘कम्युनिटी लीडर’ म्हणवणारे बिनपगारी रहिवासी करत. ते नवख्यांना मदत करत, आपल्या भागातील पाने तपासत आणि नियमभंग कळवत. वस्तीतर्फे पारितोषिकेही दिली जात. येथे शेजाऱ्याची समीक्षा आणि वस्तीची राखण एकत्र आली. सेज वील याने १९९५ मध्ये सुरू केलेल्या वेबरिंगमध्येही तसेच घडले. समान विषयाची पाने एका वर्तुळात गुंफायची ही कल्पना त्याआधी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील डेनिस होव याने मांडली होती. वर्तुळात नवे पान घ्यायचे की नाही हे वर्तुळाचा चालक पान पाहून ठरवत असे, म्हणून समीक्षेचा निकाल ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असा लागे.

निकष : समीक्षक पानात काय पाहत, हे बरेचसे तांत्रिक परिस्थितीने ठरवले. वसतिगृहात इथरनेटची जलद जोडणी असलेल्या विद्यार्थ्याला जड चित्रे जाणवत नसत. फोनच्या तारेवरून चालणाऱ्या, सेकंदाला १४.४ किलोबिटच्या मोडेमवर मात्र ५० किलोबाइटचे एक चित्र उतरायला सुमारे अर्धे मिनिट लागे. त्यामुळे ‘पान किती वेळात उघडले’ हा शेरा सर्वत्र आढळतो आणि त्यात लिहिणाऱ्याची परिस्थितीही उघड होते. कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेल्या लिंक्स या केवळ मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरवर पान वाचता येते का, ही कसोटी कडक समीक्षक लावत. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीला चित्र लावण्याची सोय आल्यावर नक्षीवर अक्षरे बुडाल्याची तक्रार सुरू झाली. लुकलुकणाऱ्या अक्षरांच्या ‘ब्लिंक’ या नेटस्केपच्याच खुणेविषयी (टॅगविषयी) फार थोड्यांनी चांगले लिहिले. तुटलेले दुवे, ‘काम चालू आहे’ हा फलक आणि पान शेवटचे केव्हा बदलले याची तारीख या गोष्टींची नोंद जवळजवळ प्रत्येक जण घेई. मजकुराविषयी मात्र समीक्षक संकोचाने लिहीत. समोरच्याचा परिचय, त्याच्या आवडीची गाणी आणि मित्रांची नावे यांना चूक कसे म्हणायचे, ही अडचण खरी होती.

याच अडचणीवर अभ्यासकांची मते वेगळी होतात. ह्यू मिलर याने १९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनच्या विचारांच्या आधारे असे मांडले, की होमपेजवर माणूस स्वतःला इतरांपुढे ठेवतो, पण नकार मिळाल्याचे त्याला कळत नाही. पाहणाराही गुंतून न पडता परतू शकतो. टॉमस एरिकसन याने १९९६ मध्ये वेबला सामाजिक गुंफण म्हटले आणि होमपेज माहिती छापण्यासाठी नसून ओळख घडवण्यासाठी व माणसांतून माणसांकडे जाण्यासाठी वापरले जाते यावर भर दिला. अ‍ॅबरिस्टविथ या वेल्समधील विद्यापीठातील डॅनियल चँडलर याने १९९८ मध्ये हाताशी असलेल्या तुकड्यांतून काहीतरी जोडत राहण्याची मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसची कल्पना येथे लावली. काय घेतले, काय गाळले आणि कसे मांडले यांतून पानाबरोबर त्याचा कर्ताही घडत असतो, ‘काम चालू आहे’ हा फलक दोघांनाही लागू पडतो, असे त्याचे म्हणणे आहे. मिलरचे निरीक्षण नेमके असले, तरी ते समीक्षा नसलेल्या पानालाच पूर्ण लागू होते. सहाध्याय्याचे परीक्षण प्रसिद्ध झाले, की नकार दिसू लागतो, तोही भोजनगृहात रोज भेटणाऱ्या माणसाकडून आलेला असतो. चँडलरच्या मांडणीत समीक्षेला जागा सापडते, कारण अपुऱ्या वस्तूविषयी दिलेला सल्ला निकालासारखा वाचला जात नाही. चांगल्या समीक्षा बहुधा याच सुरात लिहिल्या जात आणि त्यांनी अनेकांना लिहिते ठेवले.

वर्गातील होमपेज-समीक्षा हा निराळा विषय आहे. लेखनाच्या वर्गात विद्यार्थ्यांनी एकमेकांचे वाचून प्रतिसाद द्यावा हा विचार पीटर एल्बो याने १९७३ मध्येच मांडला होता, आणि होमपेज ही त्या पद्धतीला मिळालेली नवी सामग्री होती. उच्च शिक्षणातील परस्पर-मूल्यमापनाचा कीथ टॉपिंग याने १९९८ मध्ये घेतलेला आढावा या संदर्भात आधारभूत आहे. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला गुण देण्याच्या वैधतेचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २००२ मध्ये ओवासो विरुद्ध फाल्व्हो या खटल्यात आला. शिक्षकाने वहीत नोंदवण्यापूर्वीचे असे गुण गोपनीय शैक्षणिक अभिलेखात मोडत नाहीत, असा निर्णय झाला. तो शाळेच्या वर्गापुरता होता.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले; त्याआधी ते अर्नेट या शैक्षणिक जाळ्यापुरते होते. मराठी विद्यार्थ्यांची आरंभीची पाने त्यामुळे बव्हंशी परदेशातील विद्यापीठांच्या सर्व्हरवर होती. देवनागरी दाखवण्याची सर्वमान्य सोय नसल्याने मजकूर रोमन लिपीत, बरेचदा अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने लिहिला जाई, किंवा अक्षरांची चित्रे करून लावली जात. मजकूर चित्ररूप केला की पान जड होई आणि तो शोधताही येत नसे.

१९९९ मध्ये याहूने जिओसिटीज विकत घेतले आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतील सेवा बंद केली. जपानमधील सेवा मार्च २०१९ अखेरपर्यंत चालली. बंद होण्यापूर्वी आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने मोठा भाग उतरवून घेतला. त्या साठ्यावर ओल्या लियालिना आणि ड्रागान एस्पेनशीड यांनी केलेले काम फार मोलाचे आहे. पानांकडे हसण्याचा विषय म्हणून न पाहता लोकांची निर्मिती म्हणून पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते. विद्यापीठांच्या सर्व्हरवरील पाने मात्र पदवी मिळून खाते बंद झाले की त्याबरोबर जात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हने त्यांपैकी काही टिपली आहेत. तेथे समीक्षा पुष्कळदा शाबूत आढळते आणि तिने वर्णन केलेले पान उघडत नाही. काही ठिकाणी पान मिळते, पण तळाशी बिल्ल्याच्या जागी तुटलेल्या चित्राची चौकट आणि तो देणाऱ्याचे नाव एवढेच उरलेले असते.