पार्श्वभूमी : मैदानावर ‘मॅडम’ यायला एवढा उशीर का झाला?

साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर पहाटे गेलात तर पळणाऱ्या पोरींत निम्म्याहून जास्त भरतीवाल्या दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. बहुतेकींचं पळणं तेवढ्यापुरतंच असतं. ८०० बसलं, यादीत नाव आलं की बूट माळ्यावर. त्यांना पळवणारेही ठरलेले : निवृत्त फौजी, शाळेतले पीटीचे मास्तर, अकॅडमीवाले. सगळे ‘सर’, शिकवणारी ‘मॅडम’ क्वचितच. मध्यंतरी तिथं एक जुन्या लांब पल्ल्याच्या धावपटू बाई पोरींचे लॅप मोजत होत्या. तर एक पोर धापा टाकत त्यांना ‘हो सर’ म्हणाली आणि जीभ चावली. बाईंनी घड्याळावरची नजर काढली नाही. सवय असावी.

या ‘हो सर’च्या मागे बराच इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे तोही ८०० मीटरपासूनच सुरू होतो. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर पळू दिलं. जर्मनीची लीना राडके जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून ट्रॅकवर बसल्या, तर वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्या म्हणून रान उठवलं. पुरुषही शर्यतीनंतर आडवे होतात, ते कुणाला दिसलं नाही. ८०० मीटर बंद झालं ते थेट १९६० पर्यंत. पुढची दारंही अशीच एकेक करून किलकिली झाली : १५०० मीटर १९७२ साली, मॅरेथॉन १९८४, दहा हजार १९८८, पाच हजार १९९६. स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची ३००० मीटरची शर्यत, तर २००८ साली, बीजिंगला.

म्हणजे ज्या शर्यतीनं सातारा जिल्ह्याला ऑलिंपिकच्या फायनलमध्ये नेलं, ती शर्यत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी तेव्हा अवघी आठ वर्षांची होती.

ती फायनल १५ ऑगस्ट २०१६ ची, रिओमधली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. दुष्काळी मुलूख, शेतकऱ्याचं घर, आधी खो-खो आणि मग पळणं. रस्त्यावरच्या शर्यतींतून ती वर आली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली. मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे ती वळली तेव्हा अनेकांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील, कारण ही शर्यत नुसत्या दमाची नाही. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि सात वेळा पाणी. बायकांचा अडथळा ७६.२ सेंटीमीटरचा, आणि तो हर्डलसारखा धक्का लागून पडत नाही. पडायचं ते तुम्ही. पाण्याच्या उडीला बहुतेक जणी अडथळ्यावर पाय देऊन झेप घेतात आणि खड्ड्याच्या उथळ टोकाला उतरतात. पाऊल जरा मागं पडलं की खोल पाण्यात, आणि भिजलेला बूट घेऊन पुढचा लॅप.

२०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिला कांस्य मिळालं. त्यातही नाट्य : बहरीनच्या रूथ जेबेटला आधी बाद ठरवलं, ललिताचं कांस्य रौप्य होणार असं झालं, आणि अपिलानंतर पुन्हा कांस्य. पुढच्या वर्षी ती आशियाई विजेती झाली. बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी. रिओच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६ हा राष्ट्रीय विक्रम, फायनलमध्ये दहावी. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची वैयक्तिक फायनल गाठणारी ती पहिली भारतीय बाई. तो विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ साली पारुल चौधरीनं मोडला.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. ललिताचे प्रशिक्षक होते निकोलाय स्नेसारेव्ह, बेलारूसचे. त्याच रिओत ८०० मीटर पळणारी टिंटू लुका उषाच्या धावपटू घडवणाऱ्या शाळेतली. एकीमागे परदेशी पुरुष, दुसरीमागे स्वतः ऑलिंपिक पळालेली बाई. उषानं २००२ मध्ये केरळात शाळा काढली म्हणून हे घडलं. आपल्याकडे ललिता पुढे महसूल खात्यात अधिकारी झाली. त्यात गैर काहीच नाही. माणमधल्या कुठल्याही आईबापाला विचारा, पोरगी साहेब झालेली हवी की मैदानात शिट्टी वाजवणारी. पण बहुतेक धावपटू पोरी रेल्वे, पोलीस, महसूल अशा वाटांनी जातात, आणि पायातलं शिक्षण त्यांच्यासोबत जातं.

बाईचं प्रशिक्षक होणं अवघड का, हेही साधं आहे. चांगल्या नोकरीसाठी पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा लागतो. तो वर्षभराचा, तिथं राहून करायचा. पळणं थांबतं साधारण तिशीत, तेव्हा पदरात लेकरू असतं. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स जमतो, पण त्याला वजन कमी. आणि जी बाई आज स्टीपलचेस शिकवू शकेल ती स्वतः तो पळालेली हवी, तर मुळात ती शर्यतच कालची. २०१० च्या ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत बायकांचा स्टीपलचेस पहिल्यांदा झाला आणि सुधा सिंगनं सुवर्ण जिंकलं. त्या पिढीतल्या पोरी आत्ता कुठे शिकवायच्या वयाला आल्यात.

शाहू स्टेडियमवरच्या त्या बाईंनी त्या दिवशी भरतीवाल्या पोरींना ८०० झाल्यावर थांबवलं नाही. सरळ अजून दोन लॅप सांगितले. पोरींनी तोंडं वाकडी केली, पळाल्या मात्र सगळ्या. एकीनं विचारलंच, भरतीत तर एवढं नसतं? बाई घड्याळ शून्यावर आणत होत्या.