पोदेराचा भोंगा आणि घाबरलेला कुत्रा

गोव्यातल्या वाड्यावाड्यांत सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलीचा भोंगा वाजतो. घरच्यांना पाव आठवतो. रस्त्यावरून नुकत्याच आणलेल्या कुत्र्याचं मात्र शेपूट पोटाखाली जातं, कान मागे पडतात, जीभ नाकावरून पुनःपुन्हा फिरते आणि झोप नसताना जांभई येते. माणसं मग त्याला दटावतात, नाहीतर ‘काही नाही रे’ म्हणत फाटकापर्यंत ओढत नेतात. दोन्हींमुळे भीती वाढते.

पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना जे पाहतं-ऐकतं, ते त्याला बहुधा पुढेही ओळखीचं वाटतं. तो काळ मार आणि उपासमारीत गेला असेल, तर पुढे प्रत्येक नव्या गोष्टीत मेंदू आधी धोका शोधतो. म्हणून पहिले काही दिवस शिकवणी नको, आंघोळ नको, बघायला येणारे शेजारीही नकोत. एक कोपरा, पाणी आणि ठरलेल्या वेळेला जेवण पुरे. फार खंगलेल्या कुत्र्यापुढे भरलेलं ताट ठेवू नये. एकदम पोटभर मिळालं तर रक्तातले क्षार घसरून जिवावर बेततं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं, तेही पशुवैद्याला विचारून. उरलेलं हुमण (माशाचं कालवण) आणि भातही नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, माशाचा काटा घशात रुततो. आणि गोचिडी पाहाव्यातच: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत. गोचीडतापाने मलूल पडलेला कुत्रा ‘शांत स्वभावाचा’ वाटतो, आणि उपचाराचे दिवस हातचे जातात.

आता भोंगा. तो ठरलेल्या वेळी येतो आणि दोन मिनिटांत निघून जातो, त्यामुळे सरावाला याहून सोयीचा आवाज नाही. बिनमिठाच्या शिजवलेल्या कोंबडीचे, हाडं काढलेले, वाटाण्याएवढे 15-20 तुकडे खिशात ठेवा. भोंगा ऐकू येतो पण कुत्रा अजून खातो, इतक्या लांब उभे राहा. घराची मागची बाजूही चालेल. भोंगा वाजला की एक-दोन सेकंदांत तुकडा. आवाज थांबला की तुकडे बंद. तोंडासमोर धरलेला तुकडा त्याने नाकारला तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरा. तीन-चार दिवस सलग तो निवांत राहिला, तरच काही पावलं पुढे.

क्रम चुकला की सगळं उलटतं. खाऊ आधी आणि भोंगा मागाहून असं होऊ लागलं, तर खाऊ ही संकटाची वर्दी ठरते आणि कुत्रा कोंबडी पाहूनच दचकतो. ‘सगळं केलं, उपयोग नाही’ म्हणणाऱ्या घरांत हा क्रम आधी तपासावा.

दुसरी चूक हाताची. पोदेर दिसायच्या आधीच माणूस नकळत दोरी आखडतो, श्वास रोखतो. कुत्रा भोंग्याआधी हा इशारा शिकतो. दोरी हुकासारखा बाक घेऊन सैल लोंबत राहिली पाहिजे, आणि त्यासाठी आधी स्वतःचे खांदे सोडावे लागतात. कुत्रा पाळल्याने माणूस बदलतो म्हणतात, तो इथे बदलतो: रोज त्याच वेळी उठणं, आवाज न चढवणं, सेकंदभर आधी बघणं. स्वीडनमधल्या 2019 च्या एका अभ्यासात 58 कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांमधलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. मालकिणीचं जास्त तर बहुधा कुत्र्याचंही जास्त निघालं. ते कुत्रे मेंढपाळीच्या जातींचे होते, माणसाकडे सतत लक्ष ठेवणारे. आपल्या गावठी कुत्र्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण मालकाने स्वतःच्या ताणाकडे पाहावं, इतकं त्यातून नक्की घेता येतं.

गुरगुरण्याबद्दल कधीही शिक्षा करू नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

महिन्या-दोन महिन्यांत भोंगा वाजताच तो तुमच्या खिशाकडे पाहू लागेल. पण जुनी भीती पुसली गेलेली नसते, तिच्यावर नवी आठवण बसलेली असते. म्हणून जागा बदलली की ती उसळते: अंगणात निर्धास्त असणारा कुत्रा म्हापशाच्या बाजारात थरथरतो. तिथे पुन्हा लांबून सुरुवात करायची. दुसऱ्यांदा वेळ बहुधा कमी लागतो.

नरकासुराची रात्र, म्हणजे नरक चतुर्दशीच्या आदली रात्र, मात्र सरावाने भागत नाही. पहाटेपर्यंत संगीत, मग फटाके. दोन आठवडे आधी पशुवैद्याला भेटावं आणि औषध दिलं तर एखाद्या शांत दिवशी त्याची चाचणी घ्यावी. घरातली झोपेची गोळी देऊ नये. अंधार पडायच्या आत फिरवून आणावं, गळपट्ट्यावर फोन नंबर असावा, आतल्या खोलीच्या खिडक्या बंद करून पंखा लावावा. मांडीवर आला तर बसू द्यावं. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. खाटेखाली दडला तर ओढून काढू नये, पाण्याचं भांडं तिथेच सरकवून ठेवावं.