ब्रेक ऑइल पाणी पितं

शनिवारची सकाळ. मी गॅरेजच्या फरशीवर मागच्या चाकापाशी आडवा, हातात रिंग पाना. बायको गाडीत, पाय ब्रेकच्या पेडलवर.

"दाब."
"दाबलं."
"धरून ठेव... हां, सोड."

दर दोन वर्षांनी आमचा हा संवाद तासभर चालतो. शेजारचे इंग्लिश आजोबा एकदा कुंपणावरून डोकावून विचारून गेले, हा योगाचा काही प्रकार आहे का. आम्ही ब्रेकची हवा काढत होतो, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतलं जुनं द्रव आणि त्यातले हवेचे बुडबुडे.

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, कापडी टप, उघडझाप करणारे हेडलाइट, पुढे १.६ लिटरचं इंजिन आणि जोर मागच्या चाकांना. वजन हजार किलोंच्या आत. २०१६ साली या मॉडेलच्या १० लाख गाड्या पूर्ण झाल्या. माझी १९९३ ची, जपानमधून इंग्लंडात आलेली. जपानमध्ये तिचं नाव युनोस रोडस्टर होतं.

अशी गाडी घेतली की पहिल्या महिन्यातच ओळखीपाळखीचे सल्ले सुरू होतात. टर्बो बसव, ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसव, भोकं पाडलेल्या डिस्क तर हव्यातच. मोठ्या डिस्कचा मोह मलाही झाला होता. पुढे ज्या गाड्या १.८ लिटर इंजिनाच्या आल्या, त्यांच्या पुढच्या डिस्क २५५ मिलिमीटरच्या, माझ्या २३५ च्या. जुन्या १.८ गाडीचे कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडच्या चिमटीत धरणारे भाग), ब्रॅकेट आणि डिस्क माझ्या गाडीवर नट-बोल्टने सरळ बसतात. पैसे काढून ठेवले होते. मग एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि बेत बदलला.

गाडी थांबवतो कोण? टायर. डिस्क फक्त चाक अडवते, रस्त्याला धरून ठेवण्याचं काम रबराचं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरला, तर ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ४४ मीटर लागतात. या गणितात वस्तुमान वर-खाली कटतं आणि डिस्कचा व्यास तर कुठे येतच नाही. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. जोरात दाबलं की २३५ च्या डिस्कसुद्धा चाक जाम करतात. म्हणजे पकड संपते ती टायरची. एका दमात थांबायचं असेल तर मोठी डिस्क एक मीटरही वाचवत नाही, उलट चाकाचं वजन वाढवते.

ती कामाला येते उष्णतेसाठी. चालकासकट हजार किलोंची गाडी ताशी १०० वरून थांबवली की सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. तेवढ्यात लिटरभर गार पाणी उकळीला येईल. पुढचे ब्रेक यातला सत्तर टक्के भार घेतात आणि पुढची एक डिस्क ४ किलोंची आहे असं धरलं, तर एकदा थांबण्यात ती सत्तरेक अंशांनी तापते. लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा थांबलात तर आकडे साठत जातात. डिस्कची उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनला पोचते, आणि पिस्टनच्या मागे असतं ब्रेक ऑइल.

आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. ग्लायकोल ईथर जातीची रसायनं असतात ती, आणि पाण्याशी त्यांची भलतीच मैत्री. टाकीच्या झाकणातल्या बारीक भोकातून, रबरी नळ्यांच्या अंगातून हवेतला ओलावा ती शोषत राहतात. गाडी चालवा, नाहीतर झाकून ठेवा. म्हणून डब्यावर उत्कलनबिंदूचे दोन आकडे असतात. डॉट-४ जातीचं ताजं द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट-३ चे आकडे २०५ आणि १४०. शंभरात चार भागही पाणी नाही, आणि पंचाहत्तर अंश गेले.

उकळल्याने काय बिघडतं? पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतो तो द्रव दबत नाही म्हणून. पास्कलचा नियम आपण सगळे शाळेत शिकलोय. वाफ मात्र दबते. साध्या दाबाला १ मिलिलिटर पाण्याची वाफ दीड लिटरहून जास्त जागा घेते. नळीत एवढासा बुडबुडा झाला तरी पाय खाली जातो आणि तो बुडबुडाच चेपत राहतो. यातली फसवी गोष्ट अशी, की पाय दाबलेला असताना द्रवावर दाब असतो, त्यामुळे ते सहजी उकळत नाही. पाय उचलला की दाब जातो, आणि डिस्कची उष्णता तर कॅलिपरमध्ये झिरपतच असते. गाडी उभी असेल तर वाराही लागत नाही. म्हणून कधीकधी उतार संपतो, माणूस चहाला थांबतो, आणि पुन्हा निघाल्यावर पहिल्याच ब्रेकला पेडल स्पंजासारखं लागतं.

आपल्याकडच्या ड्रायव्हरांचा जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण ५०० मीटर उतरावं लागतं. हजार किलोंच्या गाडीसाठी ती ऊर्जा ४९ लाख ज्यूल झाली, म्हणजे ताशी १०० वरून बाराहून जास्त वेळा थांबण्याएवढी. ती सगळी डिस्कच्या माथी मारायची की मोठा भाग इंजिनाला खाऊ द्यायचा, एवढाच प्रश्न. आमच्या गावचे एसटी ड्रायव्हर ज्यूल वगैरे काही न मोजता याचं उत्तर देत.

पाणी पिणं हा ब्रेक ऑइलचा दोष, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण पाणी न पिणारं द्रवही मिळतं. डॉट-५, सिलिकॉनचं, जांभळट रंगाचं. त्यात शिरलेलं पाणी विरघळत नाही, थेंब होऊन तळाला, म्हणजे नेमकं कॅलिपरमध्ये, जाऊन बसतं. तिथे ते शंभर अंशांच्या आसपास उकळतं, थंडीत गोठतं आणि लोखंड गंजवतं. त्यापेक्षा थोडंथोडं पाणी सगळीकडे विरलेलं बरं. रसायन पाणी पितं ते आपल्या भल्यासाठी, फक्त ते वेळेवर बदलायचं. आणि ५ व ५.१ या आकड्यांना फसू नका. ५.१ पुन्हा ग्लायकोलच्याच घराण्यातलं.

तर मोठ्या डिस्कऐवजी मी नवे टायर, चांगले पॅड आणि ताजं डॉट-४ घेतलं. काम घरच्या घरी होतं, पण जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, खाली टेकू म्हणून अ‍ॅक्सल स्टँड हवेतच. पेडलच्या जोराने द्रव ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीत. पेडल दाबलं की निपल ढिला, बंद केल्यावरच "सोड". चहाच्या रंगाचं द्रव येतं, मग हळूहळू फिकट मधासारखं. टाकी मात्र रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत आणि तास वाया. सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुवायचा, नाहीतर गाडीचा रंग निघतो. माझ्या उजव्या मडगार्डावर पुराव्यादाखल एक डाग आहे.

त्याहून मोठी चूक पहिल्या वर्षी केली होती. कॅलिपरच्या पिना अडकत होत्या, म्हणून हाताशी असलेलं साधं ग्रीस चोपडलं. खनिज तेलाने तिथली रबरं फुगली आणि मोकळं व्हायचं ते आणखी घट्ट झालं. तिथे सिलिकॉन ग्रीसच लागतं. या गाडीची आणखी एक खोड म्हणजे मागच्या कॅलिपरमध्ये हॅन्डब्रेकचा बारीक स्क्रू एका बोल्टमागे लपलेला असतो. पॅड झिजले की तो थोडा आवळावा लागतो. हे माहीत नसल्याने लोक केबल ओढत बसतात. मीही बसलो होतो.

ब्रेक झाले की पाण्याचा दुसरा हिशेब. कापडी टपावरचा पाऊस सीटच्या मागे दोन नळ्यांतून खाली जातो. पाचोळ्याने त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं, आणि त्यात इथल्या हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ. मागे एकदा जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात शिरला, पापडासारखा आवाज करत. पत्रा कापून नवा वेल्ड करायला जो खर्च आला त्यात मोठ्या डिस्कचे दोन सेट आले असते. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी बनत असे, तिचं अंग फायबरग्लासचं होतं. कोकणच्या पावसाशेजारी राहणाऱ्यांना ते सुचावं, यात नवल नाही.

आता हवा काढून झाली, चाकांचे नट टॉर्क रेंचने १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले, की मी स्वयंपाकघरातला मोठा तांब्या भरून आणतो. टप मागे सारून दोन्ही नळ्यांत पाणी ओततो, बायको वाकून खाली बघते. यंदा डावीकडून लगेच धार लागली. उजवीकडून आधी दोन कुजकी पानं आली, मग पाणी.