नमुना पाण्यात विरघळवून आणू नका, कोरडी भुकटी आणा

(वनस्पतींमधले पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, काउंटरकरंट पद्धतीने, म्हणजे न मिसळणाऱ्या दोन द्रवांत वाटून, वेगळे करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

शतावरी असो, मेथी असो की संत्र्याची साल, सगळ्यात जास्त वेळ खातो तो बाटलीत विरघळवून आणलेला नमुना. सोय व्हावी म्हणूनच तो तसा आणला जातो, पण त्यात तुमचाच माल वाया जातो.

आमच्या यंत्रात सिलिका नाही की जेल नाही. टेफ्लॉनच्या नळीची ३०० मिलीची गुंडाळी आणि तिच्यात दोन द्रव, एवढंच. पॉलिसॅकराइड नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांत उतरत नाहीत, म्हणून दोन्ही थर पाण्याचेच घ्यावे लागतात : वर पीईजी १००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर), खाली पोटॅशियम फॉस्फेट हे मीठ. हे थर वेगळे राहतात ते केवळ द्रव्यांचं प्रमाण एका मर्यादेच्या वर असतं म्हणून. एका नळीत दोन्ही थर घ्या आणि ड्रॉपरने साधं पाणी टाकत हलवत राहा. हलवल्यावर येणारा दुधाळपणा एका थेंबाला नाहीसा होतो आणि नळी आरपार दिसू लागते. थर संपले. पाण्यातला नमुना सोडला की गुंडाळीच्या तोंडाशी हेच घडतं : स्थिर थर (दुसरा थर वाहत असताना गुंडाळीत टिकून राहणारा) तिथे विरघळतो, वाहून जातो आणि माल वेगळा करणारं काही उरत नाही.

नमुन्यात राहिलेलं अल्कोहोल आणि मीठही असंच थरांचं प्रमाण बिघडवतात. अल्कोहोलने साका पाडला असेल तर तो पुन्हा पाण्यात घेऊन डायलिसिस करा (बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवा, म्हणजे मीठ-अल्कोहोल बाहेर जातं), ४८ तास, डिस्टिल्ड पाणी पाच-सहा वेळा बदलून. बाहेरच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता, मिठाचा अंदाज देणारी) ताज्या पाण्याइतकी येईपर्यंत डायलिसिस बंद करू नका. पिशवी फ्रिजमध्येच ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते. मग फ्रीज-ड्राय करा, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवा. बोअरचं पाणी कुठल्याही टप्प्यावर नको. त्यातलं कॅल्शियम फॉस्फेटबरोबर गढूळ साका करतं, आणि संत्र्याच्या सालीतलं पेक्टिन कॅल्शियमने गोठू शकतं ते वेगळंच.

गुळवेल सत्त्व देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते बहुतांशी स्टार्च असतं. थंड पाण्यात ते विरघळत नाही, तळाशी बसतं. तुम्हाला स्टार्च हवा आहे की त्याच्याबरोबरचं दुसरं काही, हे आधी ठरवून सांगा.

भुकटी आली की आम्ही ती थेट थरांतच विरघळवतो. त्याआधी नळीतली चाचणी होते : २० मिलिग्रॅम भुकटी, दोन्ही थर ५-५ मिली, हलवून थर बसू द्यायचे, मग दोन्हींतली साखर फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाने ४९० नॅनोमीटरवर मोजायची. ब्लँक (तुलनेसाठीचा, नमुना न घातलेला) त्या-त्या थराचाच. वरच्या आणि खालच्या थरातल्या साखरेचं गुणोत्तर ०.५ ते २ च्या बाहेर गेलं तर पीईजी किंवा मीठ बदलून पुन्हा पाहतो. या चाचणीचे वेगळे पैसे घेत नाही, कारण ती न करता यंत्र सुरू करणं म्हणजे दिवस घालवणं.

आणि हो, दिवस जातोच. मिनिटाला १ मिली या वेगाने गुंडाळीचं एक घनफळ बाहेर यायला ५ तास लागतात. वेग वाढवायचा आग्रह धरू नका. पीईजीचा थर घट्टसर असतो, दोन थरांमधला ताण फार कमी, घाई केली की स्थिर थर वाहतो. सुरुवातीला स्थिर थर १७० मिली बाहेर पडला तर ३०० पैकी आत १३० उरला, म्हणजे ४३ टक्के. हा आकडा प्रत्येक अहवालावर असतो, तो जरूर पाहा. जेल भरलेल्या स्तंभाच्या पद्धतीत काही माल जेलला चिकटून राहतो; इथे गुंडाळीत उरलेलं पाण्याने ढकलून काढता येतं आणि तेही तुम्हाला परत मिळतं.

द्रावण स्वतः बनवून आणणार असाल तर फॉस्फेटच्या डब्यावरचं लेबल वाचा. १२.५ ग्रॅम निर्जल डायपोटॅशियम फॉस्फेटच्या जागी ट्रायहायड्रेट १६.४ ग्रॅम लागतं. निर्जल मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं, म्हणून डबा उघडा राहिला असेल तर वजनावर विसंबू नका.

पाकीट सिलिका जेलसह हवाबंद असावं. त्यावर वनस्पतीचा भाग, साका किती टक्के अल्कोहोलने पाडला, प्रथिनं काढली असतील तर कशाने, आणि कोरडं वजन एवढं लिहा. क्लोरोफॉर्म वापरला असेल तर तेही ठळक लिहा.