जैवभार वीजनिर्मिती, मराठवाड्यातील : इंधनाच्या शाश्वततेचे धोरण

सरपण, पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या), भुसकट, उसाचे चिपाड अशी वनस्पतिजन्य इंधने बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) जाळून, त्या वाफेवर टर्बाइन फिरवून तयार केलेल्या विजेला जैवभार वीज म्हणतात. ‘बायोमास’ला मराठीत जीवभार, जैववस्तुमान असेही पर्याय रूढ आहेत, या नोंदीत ‘जैवभार’ वापरला आहे. हे इंधन कोठून आणावे, किती आणावे आणि ते पुन्हा उगवेल याची हमी कोणी द्यावी, यासंबंधीची शासकीय धोरणे व ती मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत कशी लागू पडतात, एवढाच नोंदीचा आवाका आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न जंगलाचा नसून शेताचा आणि गायरानाचा आहे. राज्यात वनक्षेत्र सर्वांत कमी असलेल्या भागांत मराठवाडा मोडतो. लातूर जिल्ह्यात ते एक टक्क्याच्याही खाली आहे. त्यामुळे वीजनिर्मितीसाठी जंगलतोडीची जी चर्चा युरोप-अमेरिकेत होते, ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 आणि महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 हे तोडीचे मूळ कायदे. पैकी दुसऱ्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन यांसारखे वृक्ष येतात. यादीचा रोख इमारती लाकूड, फळे व मोलाची झाडे यांवर आहे, सरपणावर नाही.

विजेच्या बाजूने पाहता, वीज अधिनियम, 2003 च्या कलम 86 नुसार नवीकरणीय स्रोतांपासूनच्या विजेला प्रोत्साहन देणे हे राज्य आयोगांचे काम ठरले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने त्याआधीच, 2002 मध्ये, साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीचा (एकाच इंधनापासून वीज व कारखान्याला लागणारी उष्णता) दर ठरवला होता. जैवभार प्रकल्पांचा दर 2005 मध्ये आला. राज्याच्या 2015 च्या नवीकरणीय ऊर्जा धोरणात एकूण 14,400 मेगावॉटचे लक्ष्य होते. त्यांत चिपाडावरील सहवीजनिर्मितीला 1,000 आणि कृषी अवशेषांवरील विजेला 300 मेगावॉट असा वाटा होता. महाऊर्जा ही राज्य शासनाची अंमलबजावणीची संस्था.

शाश्वततेची खरी अट मात्र दरपत्रकात नसून एका व्याख्येत आहे. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या 2009 च्या नवीकरणीय दरविषयक विनियमांत जैवभाराचे प्रकार सांगितले आहेत : शेती व वनकामांतून निघणारा कचरा (काड, धसकटे), शेतमालावरील प्रक्रियेतून उरणारी टरफले, पेंड इत्यादी, खास ऊर्जेसाठी लावलेल्या वनशेतीतील लाकूड, काही उद्योगांतील लाकडाचा टाकाऊ भाग, आणि जंगली झुडपे वा तण यांपासून मिळालेले लाकूड. म्हणजे लाकूड जाळण्यास बंदी नाही, लाकडाच्या जन्माला अट आहे. व्याख्येतील शेवटचा प्रकार मराठवाड्यात फार महत्त्वाचा ठरतो, कारण तो जवळजवळ एकाच वनस्पतीकडे बोट दाखवतो : वेडी बाभूळ, बोलीत येडी बाभळ.

वेडी बाभूळ (प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, 2022 पासून काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला नेल्टुमा प्रजातीत घालतात) मूळची मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन पट्ट्यातील. ती भारतात कशी आली याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार मद्रास इलाख्याच्या वनखात्याने 1876 च्या सुमारास जमैकाहून बी मागवले आणि 1877 च्या आसपास ते कडप्पा भागात पेरले गेले. दुसरे मत तिचा पहिला प्रवेश त्याच सुमारास सिंधमध्ये झाल्याचे मानते. दोन्ही वर्षे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की एकाने दुसरे खोटे ठरत नाही; दोन स्वतंत्र आगमने झाली असावीत, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. दख्खनकडे ती दक्षिणेकडून सरकली असण्याचा संभव जास्त, कारण कडप्पा दख्खनच्या पठाराला लागून आहे. कच्छच्या बन्नी भागातील मोठी लागवड तर थेट 1961 ची. जातीच्या ओळखीबाबतही घोळ आहे : ज्युलिफ्लोरा व पॅलिडा या दोन जाती पान-शेंगांवरून सहज वेगळ्या करता येत नाहीत, त्यामुळे जुन्या नोंदींतील नाव आजच्या झाडाला लागू पडेलच असे नाही.

हा उगमाचा वाद केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही. बाहेरून आलेली, फोफावणारी म्हणून तिला ‘तण’ म्हटले की तिची तोड शाश्वत ठरते, उलट इष्टही ठरते. तिच्या गोड शेंगा गुरे-शेळ्या खातात, बी शेणा-लेंड्यांतून बाहेर पडून रुजते. त्यामुळे गायरान, ओढ्याकाठ, रेल्वेमार्गाच्या कडा तिने व्यापल्या. बुंध्यापासून तोडली तरी खोडाला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून सरपण म्हणून ती खरोखर ‘न संपणारी’ आहे. पण त्याच गायरानातून भूमिहीन कुटुंबे जळतन आणतात, शेळ्या चारतात. व्याख्येतील ‘तण’ हा शब्द कोणाच्या चुलीचा आहे, हे विनियम विचारत नाही. शिवाय फाट्यांचा चुरा झाल्यावर वेडी बाभूळ आणि बांधावरची देशी बाभूळ यांतला फरक वीज प्रकल्पाच्या वजनकाट्यावर ओळखणे अवघड. तेथे वजन होते, जात पाहिली जात नाही.

पडताळणी हिशेबावर चालते. याच विनियमांनुसार प्रकल्पाने दरमहा इंधन-वापराचे व इंधन-खरेदीचे विवरण सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह वीज खरेदीदाराला द्यायचे असते. त्यात प्रत्येक इंधनाचे टन नोंदवतात. कोळशासारख्या जीवाश्म इंधनाचा वाटा उष्मांकाच्या हिशेबाने वर्षाला 15 टक्क्यांपर्यंत चालत असे. 2012 च्या विनियमांनी ही सवलत मार्च 2017 पर्यंतच ठेवली. कोळसा किती मिसळला हे या कागदांवरून कळते. पऱ्हाटी कोणत्या शेतातून आली, हे कळत नाही.

‘अतिरिक्त’, म्हणजे इतर वापर भागून उरणारा जैवभार किती, हा धोरणाचा सर्वांत नाजूक भाग. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे 75 कोटी टन जैवभार उपलब्ध असून त्यांतील सुमारे 23 कोटी टन अतिरिक्त आहे. त्यावर 28,000 मेगावॉटच्या आसपास वीज होऊ शकते. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली (विकसनशील देशांतील उत्सर्जन-कपातीला श्रेयांक देणारी व्यवस्था) नोंदवलेल्या प्रकल्पांना याहून कडक कसोटी होती : प्रकल्पाच्या परिसरात उपलब्ध असलेला जैवभार सर्वांच्या एकूण वापरापेक्षा किमान 25 टक्के जास्त हवा. प्रस्तुत लेखकाला ही कसोटी राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती परिसर पाहते.

मराठवाड्याचा परिसर पाहायचा तर पऱ्हाटीपासून सुरुवात करावी लागते. केंद्रीय आयोगाच्या नंतरच्या मानकांनुसार एका युनिटला सुमारे 4,200 किलोकॅलरी उष्णता व इंधनाचा उष्मांक किलोस 3,100 किलोकॅलरी धरला, तर युनिटमागे साधारण 1.35 किलो इंधन लागते. 10 मेगावॉटचा प्रकल्प 80 टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे 95 हजार टन. कोरडवाहू कापसाची पऱ्हाटी हेक्टरी दोन टन धरली, तर ती सगळी गोळा केली तरी जवळजवळ 47 हजार हेक्टर कापूस लागेल. प्रत्यक्षात सगळी कधीच हाती येत नाही. शेवटची वेचणी झाली की शेतमजूर बाया चिमट्याने पऱ्हाटी उपटतात, आणि पुष्कळ गावांत ती नेण्याच्या बोलीवरच रान मोकळे करून दिले जाते : शेतकऱ्याचे शेत साफ, मजुराच्या घरी चार-सहा महिन्यांचे जळतन. मोळ्या अंगणात रचल्या की दोन भाकरी थापेपर्यंत मूठभर काड्या पुरतात. तुराट्यांचे कूड होतात. ज्वारीचा कडबा तर वैरणच. त्याला इंधन म्हणणे येथे कोणालाही पटणार नाही. उज्ज्वला योजनेचा गॅस 2016 पासून घरोघर आला असला, तरी दुसरे सिलिंडर भरायची वेळ आली की चूल पुन्हा पेटते.

उलट बाजूही आहे. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (हंगामानंतरही उभे ठेवलेले कापसाचे पीक) घेऊ नये आणि पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर काढावी किंवा बारीक करून गाडावी, असा सल्ला कृषी विभाग देतो; बांधावर रचलेली गंज ही अळीला आसराच ठरते. त्या दृष्टीने पऱ्हाटी विकली जाणे शेतकऱ्याच्या फायद्याचे. मात्र काळ्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब राखायचा तर काही भाग जमिनीत परत गेला पाहिजे. किती भाग परत जावा, हे कोणत्याही वीज विनियमात लिहिलेले नाही.

चिपाडावरील सहवीजनिर्मितीबाबत हा वाद कमी, कारण चिपाड कारखान्याच्या आवारातच तयार होते. तेथील कसोटी वेगळी : उपयुक्त वीज अधिक उपयुक्त उष्णतेचा अर्धा भाग मिळून गाळप हंगामात इंधनऊर्जेच्या 45 टक्क्यांहून जास्त हवा. इंधन टिकाऊ असले तरी ऊस पाण्यावर येतो, ही मराठवाड्यातील खरी अडचण.

औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर जैवभाराच्या दाबून केलेल्या कांड्या (पेलेट) जाळण्याचे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2017 मध्ये आणले. 2021 मध्ये ते सक्तीचे झाले आणि त्याच वर्षी या कांड्यांच्या वापरासाठीची ‘समर्थ’ मोहीम सुरू झाली. 2023 च्या दुरुस्तीनुसार 2024-25 पासून 5 टक्के व 2025-26 पासून 7 टक्के मिश्रण अपेक्षित होते. कांड्या ‘मुख्यतः कृषी अवशेषांच्या’ असाव्यात, एवढीच उगमाची अट. मराठवाड्यात हे धोरण परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्राला लागू पडते. 2015 च्या टंचाईत ते केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. इंधन कोळसा असो वा पऱ्हाटी, बाष्पित्राला पाणी लागतेच. वर पाहिलेल्या जैवभाराच्या एकाही व्याख्येत पाण्याचा उल्लेख नाही.